काळी टेप जवळ ठेवा: टॉय आणि इन्स्टंट कॅमेऱ्यांवरचे वाचकांचे प्रश्न

या वेळी टॉय (हॉल्गासारख्या प्लास्टिकच्या साध्या) आणि इन्स्टंट (इन्स्टॅक्स, पोलरॉइडसारख्या, लगेच फोटो देणाऱ्या) कॅमेऱ्यांवरचे प्रश्न एकत्रच घेतलेत, कारण बऱ्याच जणांनी फिरून फिरून तेच विचारलंय. उत्तरांच्या आधी सगळ्यांसाठी एक गोष्ट सांगते. या कॅमेऱ्यांमध्ये आपण ठरवायचं असं फार थोडं असतं, शटरचा वेग एकच, अ‍ॅपर्चर एक नाहीतर दोन (उजेड आत येण्याचं भोक, त्याचा एफ/ आकडा मोठा तर भोक लहान), त्यामुळे आपला कॅमेरा कुठल्या आकड्यांवर अडकलाय तेवढं पाठ करा, म्हणजे फोटो का बिघडला आणि काय बदलायला हवं हे तुमचं तुम्हालाच कळायला लागेल. आणि बदल करायचे तर एका वेळी एकच. लेन्स उलटी केली, आतून काळा रंग मारला, वर रोलही वेगळाच टाकला, तर चांगलं झालं ते कशामुळे आणि वाईट झालं ते कशामुळे याचा पत्ताच लागत नाही.

ताई, हॉल्गा १२०एन घेतलाय. पहिल्याच रोलमध्ये बाहेरचे फोटो भारी आले पण घरातले एकूण एक काळे. रोल आयएसओ ४०० चा होता, आणि सूर्य आणि ढग असं जे बटण असतं ते मी घरात ढगावर ठेवलं होतं. कॅमेरा खराब आहे का?
कॉलेजात शिकणारा एक वाचक

नाही रे, कॅमेरा ठणठणीत आहे, त्याच्याकडे तेवढा उजेड घ्यायची सोयच नाहीये. हॉल्गाचं शटर साधारण १/१०० सेकंद, त्यात थोडं इकडेतिकडे. अ‍ॅपर्चर कागदावर एफ/८ आणि एफ/११ असं सांगतात पण हिशोबाला एफ/११ धर. आता आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती तत्पर त्याचा आकडा, तो जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो. उन्हात आयएसओ ४०० ला एफ/१६ वर १/४०० सेकंद पुरतात, हा जुना नियम तू ऐकला असशील. त्या मानाने तुझा हॉल्गा भर उन्हात तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) जास्त उजेड घेतो, पण कलर निगेटिव्ह जास्तीचा उजेड पचवते म्हणून ते फोटो भारी दिसतात. मोकळ्या सावलीत हाच हिशोब बरोब्बर जुळतो. घरात मात्र दिव्याच्या उजेडात तू सहाएक स्टॉप खाली गेलेला असतोस, तिथे निगेटिव्हवर काही उमटतच नाही, ती पारदर्शक राहते आणि प्रिंट काळी.

उपाय तुझ्या कॅमेऱ्यातच आहे. लेन्सच्या खालच्या बाजूला एन आणि बी अशी खूण असलेली एक छोटी खिट्टी असते, ती बी वर केली की जोवर शटर दाबून धरशील तोवर ते उघडं राहतं. सहा स्टॉप म्हणजे चौसष्ट पट, म्हणजे १/१०० चे झाले पाऊण सेकंदाच्या आसपास. कॅमेरा ट्रायपॉडवर नाहीतर टेबलावर घट्ट टेकव, शटर दाब, मनात एक म्हण आणि सोड. खोली अंधारी असेल तर दोन-तीन म्हण, कमीपेक्षा जास्त झालेलं बरं. आणि काम झालं की खिट्टी आठवणीने एन वर आण, कारण ती पिशवीत आपोआपही सरकते आणि मग अख्खा रोल हललेला येतो, आणि लोक लेन्सला नावं ठेवत बसतात.

आता ते सूर्य-ढगाचं बटण. बऱ्याच जुन्या हॉल्गांमध्ये ते नुसतं नावालाच आहे, म्हणजे बटण सरकवलं की आत एक भोकाची पट्टी फिरते खरी, पण तिचं भोक मागच्या कायमच्या भोकापेक्षा मोठं, त्यामुळे उजेडात काही फरक पडत नाही, दोन्हीकडे साधारण एफ/१३ च राहतं (वरच्या हिशोबातल्या एफ/११ च्या जवळच). तुझा कुठला आहे ते बघायला रोल नसताना मागचं झाकण काढ, खिट्टी बी वर ठेव, शटर दाबून धर आणि मागून खिडकीकडे बघत बटण इकडून तिकडे कर. भोक लहान-मोठं होत नसेल तर ते बटण विसरून जा.

माझ्या हॉल्गाच्या फोटोंवर लाल-केशरी पट्टे येतात. मला आवडतात ते, पण कधी येतील आणि कधी नाही याचा नेम नाही. पूर्ण बंद न करता ताब्यात ठेवता येतील का?
एक वाचक

येतील, पण आधी पूर्ण बंद करा, मग पाहिजे तिथून उघडा. उलटं करायला गेलात तर कधीच ताब्यात येणार नाही.

उजेड तीन ठिकाणांहून शिरतो. पहिलं म्हणजे मागच्या झाकणाची फट. ते झाकण दोन बाजूंच्या पत्र्याच्या क्लिपांवर असतं, आणि क्लिपा सैल झाल्या की झाकण चालता चालता सुटूही शकतं. रोल भरल्यावर सगळ्या कडेने काळी टेप मारायची, वायरिंगला वापरतात ती चालते, आणि क्लिपांवरूनही एक वेढा द्यायचा. दुसरं, मागची लाल खिडकी. लाल काच ही त्या काळातली गोष्ट आहे जेव्हा फिल्मला लाल रंग दिसतच नसे, आजच्या फिल्मला तो चांगला दिसतो, त्यामुळे खिडकीवर टेपचा एक तुकडा झाकणासारखा लावून ठेवायचा, फ्रेम पुढे सरकवताना सावलीत उभं राहून उचलायचा आणि परत चिकटवायचा. (तिथेच १२ आणि १६ फोटोंचा बाण असतो तोही बघून घ्या, फोटोचा आकार ठरवणारी आतली चौकट म्हणजे मास्क, तो चौकोनी लावलाय आणि बाण १६ वर आहे तर फोटो एकमेकांवर चढतात.)

तिसरी जागा लोकांच्या लक्षात येत नाही. रोल संपला आणि काढला की तो हाताला सैल, जाडजूड लागतो का? तसं असेल तर पट्टे कॅमेऱ्यात पडलेले नाहीत, रोल बाहेर काढल्यावर कागदाच्या कडांमधून उजेड आत गेलाय. ओळखायची खूण म्हणजे पट्टे फिल्मच्या वरच्या आणि खालच्या कडेला येतात, मध्ये नाही. कारण असं की रोल सुटताना त्याला काही अडवणूक नसते म्हणून तो दुसऱ्या रिळावर ढिला गुंडाळला जातो. नव्या रोलच्या खाली जाड कागदाची दुमडलेली पट्टी नाहीतर फोमचा छोटा तुकडा ठेवा, रिळाला थोडा दाब बसला की फिल्म ताणून गुंडाळली जाते. एवढ्या एका पट्टीने निम्म्या तक्रारी मिटतात.

फटी शोधायच्या तर रोल नसताना आत मोबाइलची नाहीतर छोटी टॉर्च चालू करून ठेवा, झाकण लावा, आणि अंधाऱ्या खोलीत कॅमेरा सगळीकडून फिरवून बघा. जिथून किरण दिसेल तिथे टेप. सगळं बंद झालं की मग पट्टा हवा असेल त्या फ्रेमच्या वेळी उन्हात खिडकीवरची टेप काही सेकंद उचला. आता तो पट्टा तुमच्या हातात.

माझ्याकडे इन्स्टॅक्स मिनी आहे आणि एक हॉल्गाही. इन्स्टॅक्सची एक शीट हॉल्गात टाकून फोटो काढता येतो असं ऐकलं. खरं आहे का? आणि मग पोलरॉइडची शीट का नाही चालत?
एक गृहिणी, छंद म्हणून फोटो काढणारी

खरं आहे, आणि या सदरात आलेला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हाच.

आधी शेवटचं सांगते. पोलरॉइडची शीट ज्या बाजूने उजेड घेते त्याच बाजूने आपण फोटो बघतो, त्यामुळे चित्र उलटं, म्हणजे आरशातल्यासारखं डावं-उजवं होतं, आणि ते सरळ करायला त्या कॅमेऱ्यांच्या आत आरसा बसवलेला असतो. इन्स्टॅक्सची शीट मागून उजेड घेते आणि पुढून बघायची असते, म्हणून आरसा लागत नाही. हॉल्गात आरसा नाही, म्हणून इन्स्टॅक्स सरळ येते आणि पोलरॉइड उलटी आली असती. याच कारणाने जुन्या पोलरॉइडमध्ये इन्स्टॅक्सची फिल्म कापून बसवायचे जे प्रयोग चालतात ते नुसत्या मापाचे प्रश्न नसतात.

आता कृती. चेंजिंग बॅग (बाह्यांतून हात घालायची, उजेड न शिरणारी काळी पिशवी) हवीच, बाथरूमचा अंधार चालणार नाही, दाराखालून येणारा उजेड आयएसओ ८०० च्या शीटला पुरेसा असतो. बॅगेत हॉल्गा, इन्स्टॅक्सची कॅसेट, कमी चिकट टेपचे दोन आधीच कापलेले तुकडे. शीट त्याच फटीतून सरकवून काढायची जिथून ती एरवी बाहेर येते, आणि बोटं कडेला ठेवायची, एका टोकाला रसायनाची चपटी पिशवी असते ती दाबली गेली तर शीट गेलीच. (ते रसायन अल्कली आहे, हाताला लागलं तर लगेच पाण्याने धुवा, डोळ्यांपर्यंत हात नेऊ नका.) कॅसेटची उघडी बाजू कॅमेऱ्यात लेन्सकडे असते, म्हणजे शीटची जी बाजू त्या उघड्या खिडकीतून हाताला लागते तीच हॉल्गातही लेन्सकडे करायची, बॅगेत घालायच्या आधी वाया गेलेल्या शीटवर हा सराव करून बघा कारण आत डोळे कामाला येत नाहीत. शीट ५४ गुणिले ८६ मिलिमीटरची असते, हॉल्गाच्या चौकटीवर आडवी बसते, दोन टोकं टेपने धरायची, झाकण लावायचं, लाल खिडकी बंद.

उजेडाचा हिशोब मात्र बदला. कलर निगेटिव्ह जशी जास्तीचा उजेड सांभाळून घेते तसं इन्स्टॅक्स घेत नाही, तिथे दोन स्टॉप जास्त झाले की पांढरं. ८०० च्या शीटला हॉल्गा भर उन्हात चार स्टॉप जास्त देतो, म्हणून एकतर मोकळ्या सावलीत, ढगाळ वातावरणात, संध्याकाळी काढा, नाहीतर लेन्सपुढे एनडी १६ चा फिल्टर (उजेड सोळा पट कमी करणारी राखाडी काच) धरा.

फोटो घेतला की पुन्हा बॅग. शीट आता रिकाम्या कॅसेटमध्ये त्याच दिशेने सरकवायची, कॅसेट इन्स्टॅक्समध्ये घालून झाकण बंद करायचं. झाकण उघडलं की इन्स्टॅक्सचा आकडा पुन्हा सुरुवातीवर जातो आणि कॅमेऱ्याला वाटतं वर पॅकचं काळं झाकणच आहे, ते बाहेर काढण्यासाठी तो शटर दाबल्यावर रोलर फिरवतो, आणि त्या रोलरमधून आपली शीट जाते. तरी लेन्स आणि फ्लॅशवर काळं कापड घट्ट धराच. दोन्ही टोकांना काळी पट्टी येईल कारण हॉल्गाची चौकट इन्स्टॅक्सच्या चित्रापेक्षा थोडी आखूड आहे, पण मधला भाग आणि कडांकडे विरघळत जाणारा तो प्लास्टिकच्या लेन्सचा मऊपणा, तो इन्स्टॅक्सच्या स्वतःच्या लेन्समधून येत नाही. एका फोटोसाठी एवढा खटाटोप, हो, पण करून बघाच.

जुना पोलरॉइड ६०० मिळाला. नवीन पॅक टाकला, काहीच होत नाही, आवाजसुद्धा नाही. दुरुस्तीला कुठे द्यावा?
एक वाचक

पॅकवर आय-टाइप लिहिलंय का बघा. जुन्या कॅमेऱ्याची बॅटरी कॅमेऱ्यात नसते, ६०० च्या पॅकच्या तळाशी असते, आणि आय-टाइपच्या पॅकमध्ये ती मुद्दामच ठेवलेली नाही कारण नव्या कॅमेऱ्यांना चार्जिंगची बॅटरी असते. ६०० चा पॅक आणा. त्यानेही काही झालं नाही तर मग दुरुस्तीचं बघू.

वडिलांचा पोलरॉइड एसएक्स-७० आहे, कपाटात वर्षानुवर्षं पडून होता. ६०० ची फिल्म जास्त सहज मिळते. ती यात चालवता येईल का? काही जण म्हणतात आतलं सर्किट बदलून घ्या.
एक निवृत्त शिक्षक

सर, १९७२ साली आलेला तो कॅमेरा घडी घालून ठेवता येणारं एक अप्रतिम यंत्र आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की चालू असलेला एसएक्स-७० उघडू नये. सर्किट बदलून मिळतं हे खरं, पण चालू कॅमेऱ्याला त्याची गरज नाही.

एसएक्स-७० ची फिल्म साधारण आयएसओ १६० ची आणि ६०० ची ६४०, म्हणजे फरक दोन स्टॉपचा. तेवढा उजेड अडवणारा एनडी फिल्टर लेन्सवर लावायचा, फक्त लेन्सवर. शेजारी जो छोटा इलेक्ट्रिक आय आहे, ज्याने कॅमेरा उजेड मोजतो, तो उघडा राहिला पाहिजे. तोही झाकला तर कॅमेऱ्याला वाटणार अंधार आहे, तो शटर जास्त वेळ उघडं ठेवणार आणि फिल्टरचा उपयोग शून्य. दुसरी पद्धत म्हणजे पॅकच्या वरच ठेवायचा पातळ फिल्टर येतो तो, त्यात व्ह्यूफाइंडर अंधारा होत नाही, आणि फोकस हाताने करायचा असल्यामुळे तुम्हाला तेच सोयीचं पडेल. उजेड-अंधाराचं जे चाक आहे त्यावर एकट्यावर भागत नाही.

पॅक घालताना अडेल, जोर लावू नका. ६०० च्या कॅसेटच्या खाली बारीक उंचवटे मुद्दाम दिलेत, ती एसएक्स-७० मध्ये जाऊ नये म्हणून. कॅसेटखाली एखादं पातळ कार्ड ठेवून त्यावरून सरकवली की ती बसते, मग कार्ड काढून घ्यायचं. आणि पहिला पॅक टाकण्याआधी रोलर ओलसर सुती कापडाने पुसा, इतक्या वर्षांचं वाळलेलं रसायन असेल तर प्रत्येक फोटोवर सारख्याच अंतरावर डाग येत राहतील.

पोलरॉइडचे थंडीतले फोटो फिके निळसर आणि उन्हाळ्यातले पिवळे-लाल येतात. पॅक खराब निघतात का?
एक वाचक

पॅक नाही, हवा. ही फिल्म साधारण १३ ते २८ अंशांत नीट काम करते. थंडीत फोटो बाहेर आला की लगेच आतल्या खिशात ठेवा, अंगाच्या उबेत १५ मिनिटं होऊ द्या. उन्हाळ्यात उलट, गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच ठेवू नका. दोन्ही वेळी फोटो पालथा ठेवायचा, पहिले काही सेकंद तर उजेड अजिबात लागू द्यायचा नाही. आणि तो हलवायचा नाही, त्याने लवकर काही होत नाही, उलट आतले थर सुटू शकतात. न वापरलेले पॅक फ्रिजमध्ये आडवे ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि वापरायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा.

डिस्पोजेबल कॅमेऱ्याची लेन्स काढून डिजिटल कॅमेऱ्याला लावायची आहे. कव्हर उघडून सुरुवात केलीये. पुढे काय?
दहावीतला एक वाचक

बाळा, आधी हात बाजूला घे. फ्लॅशवाल्या डिस्पोजेबलच्या आत एक कपॅसिटर असतो, डब्यासारखा दंडगोल, तो साधारण ३०० व्होल्टपर्यंत भरलेला असतो. बॅटरी काढली तरी तो चार्ज बराच वेळ धरून ठेवतो. त्याचा झटका मस्करीची गोष्ट नाही, जखम होऊ शकते, हृदयाला त्रास असलेल्या माणसाला तर धोका आहेच. तो स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामा करा असं सांगणारे पुष्कळ आहेत, तू ते करायचं नाहीस. जे उघडलंय ते घरातल्या मोठ्यांना दाखव आणि इलेक्ट्रॉनिक्सचं काम येणाऱ्या माणसाकडे दे.

तुझी कल्पना मात्र छान आहे आणि ती सोडू नकोस. पाण्याखाली वापरायचे जे डिस्पोजेबल असतात त्यांना फ्लॅश नसतो, त्यातला वापरून संपलेला घे, फिल्म डेव्हलपला दिल्यावर लॅबमधून रिकामं खोकं मागून घेता येतं. तुझा डिजिटल मिररलेस (आत आरसा नसलेला) आहे की डीएसएलआर (आरसा असलेला) हे लिहिलं नाहीस आणि सगळं त्यावरच आहे. या लेन्सचं फिल्मपासूनचं अंतर तीसेक मिलिमीटर असतं. मिररलेसमध्ये माउंटपासून (लेन्स जिथे बसते ती कडी) सेन्सर साधारण १६ ते २० मिलिमीटरवर असतो, म्हणजे बॉडी कॅपला (लेन्स काढल्यावर कॅमेऱ्याला लावायचं झाकण) मध्ये भोक पाडून त्यापुढे दहा-बारा मिलिमीटरवर लेन्स चिकटवली की लांबचं स्पष्ट दिसायला लागतं. डीएसएलआरमध्ये हेच अंतर ४४ च्या पुढे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याच्या आत बसवावी लागेल, आणि तिथे आरसा फिरतो. तो नाद सोड. फोटोच्या कडा जरा जास्तच मऊ येतील, कारण डिस्पोजेबलमध्ये फिल्म मुद्दाम वक्र ठेवलेली असते आणि सेन्सर सपाट असतो. भोक पाडल्यावर प्लास्टिकचा भुसा पूर्ण साफ कर, मगच कॅप लाव, सेन्सरवर कण गेला तर फार वैताग होतो.

रेडस्केल म्हणजे नक्की काय करतात? घरी जमेल का?
एक वाचक

जमेल. कलर फिल्ममध्ये निळ्या उजेडाचा थर सगळ्यात वर, मग हिरवा, मग लाल, असे थर असतात. फिल्म उलटी लावली की उजेड मागच्या बाजूने शिरतो, लाल थराला आधी लागतो आणि निळ्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही, म्हणून सगळं लाल, केशरी, पिवळं.

चेंजिंग बॅगेत ३५ मिमीचा नवा रोल आणि एक रिकामी डबी घ्यायची, जिच्यातून फिल्मचं दोन-तीन सेंटिमीटरचं टोक बाहेर राहिलंय अशी. नव्या रोलची जीभ सरळ कापून ती उलटी करून त्या टोकाला टेपने जोडायची आणि सगळी फिल्म रिकाम्या डबीत गुंडाळायची, जुन्या डबीत राहिलेलं टोक कापून टाकायचं. टेप घट्ट आणि सपाट हवी.

मागून येताना उजेड कमी होतो म्हणून ४०० चा रोल १०० चा समजून वापरा, ५० चा समजलात तरी हरकत नाही. उजेड कमी दिला की गडद लाल, जास्त दिला की सोनेरी पिवळा. आणि इथे टॉय कॅमेऱ्याची गंमत बघा, भर उन्हात ४०० च्या रोलवर तो तसाही तीन स्टॉप जास्त देतो, म्हणजे रेडस्केलला जे लागतं ते तुम्ही काही न करता मिळतं. रोल देताना लॅबमध्ये सांगा की रेडस्केल आहे आणि आत टेपचा जोड आहे, डेव्हलपिंग नेहमीचंच, फक्त स्कॅन करताना रंग सुधारू नका. नाहीतर ती बिचारी माणसं मन लावून तुमचा लाल रंग काढून टाकतात.

विमानाने जायचंय, इन्स्टॅक्सचे पॅक आणि रोल कुठल्या बॅगेत ठेवू?
एक वाचक

हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत, वेगळे. चेक-इन बॅगेत कधीच नाही, तिथलं मशीन फार जोराचं असतं. हातातल्या बॅगांसाठीही आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनर आलेत, त्यातून एकदा गेलेला रोलही धुरकट होऊ शकतो, म्हणून रांगेत पोचायच्या आधीच पिशवी हातात काढून ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. ८०० ची फिल्म आहे हे सांगा, आणि कॅमेऱ्यात अर्धा वापरलेला पॅक असेल तर तो कॅमेराही त्याच पिशवीसोबत पुढे करा.